फ्लॉपीचे कल्ले

कुणी फ्लॉपी हातात दिली की बाई ती आधी खिडकीच्या उजेडाकडे धरत. मग तिच्या कडेची पत्र्याची झडप अंगठ्याने हळूच सरकवत, आतल्या काळ्या चकतीकडे क्षणभर बघत आणि झडप सोडून देत. टक् असा आवाज होई. त्यावर ठरलेला प्रश्न येई, "ही कुठं कुठं जाऊन आली?"

आणणारा माणूस गडबडून जायचा. "कुठं म्हणजे? आमच्या ऑफिसातनंच आणलीय."

"आणि तुमच्या ऑफिसात कुठनं आली?"

"पुण्याच्या ब्रँचमधनं."

"पुण्याला कुणाकडे होती?"

"आता ते मला काय ठाऊक, मॅडम?"

"मग बसा थोडा वेळ. चहा घ्या. हिला तपासल्याशिवाय आत घेता येणार नाही."

मी एकदा न राहवून विचारलं, "त्या झडपेतून व्हायरस दिसतो का हो?"

"छे. काही दिसत नाही."

"मग बघता कशाला?"

बाई जरा लाजल्या. म्हणाल्या, "आमची आई लिलावात पापलेट घेताना ताजं आहे का ते कल्ले उचलून बघते. मी लहानपणापासून तिच्याबरोबर उभी राहिलेय. वस्तू हातात आली की बोट आपोआप तिथं जातं."

त्यांना नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. वागळे इस्टेटमध्ये त्यांना सगळे बाईच म्हणत. मी तिथल्या कारखानदारांच्या एका संघटनेच्या कचेरीत सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. सभेच्या नोटिसा काढायच्या, खड्ड्यांच्या आणि पाण्याच्या तक्रारी वर पाठवायच्या, पाहुण्यांसाठी नारळ आणि शाली आणून ठेवायच्या, हे माझं काम. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. तो कसा लावायचा हे आमच्यापैकी कुणालाच कळेना, तेव्हा जवळच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीतल्या बाईंना बोलावणं गेलं. त्या कंपनीचा कॉम्प्युटर विभाग त्या सांभाळत.

त्या आल्या त्या अगदी शांतपणे. उंच, सावळ्या, सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मशीनसमोर बसण्याआधी त्यांनी मशीनवरचा हार काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. आम्ही पूजा केलेली होती ना! कीबोर्डावर सांडलेलं कुंकू बघून म्हणाल्या, "सेक्रेटरी, देवाला हे चालतं, मशीनला चालत नाही." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'सेक्रेटरी' झालो तो कायमचा.

त्यांच्या कंपनीत त्यांची खोली मागच्या बाजूला होती. बाहेर रस्त्यावर ट्रक उभे, लोखंड कापल्याचा कर्कश आवाज आणि शेजारच्या कारखान्यातून येणारा बिस्किटं भाजल्याचा गोड वास. दारात चपला काढून आत पाऊल टाकलं की हे सगळं एकदम मागे राहायचं. गारवा, पायाखाली जाड गालिचा, मशीनची संथ घरघर आणि काळ्या पडद्यांवर थरथरणारी हिरवी अक्षरं. आपण खाडीच्या पाण्याखाली उतरलोय आणि इथली माणसं पाण्यातच श्वास घेतायत, असं मला तिथं वाटायचं. बोलणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून बोलायचा. का, ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

डबा मात्र बाई त्या खोलीत कधी खात नसत. त्यात सुकटीची चटणी किंवा बोंबलाचं कालवण असे. "एसीत वास फिरतो. दुपारभर सगळ्या मशीनना भूक लागेल," असं म्हणून त्या कुंपणाजवळच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन बसत. त्यांनी खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहून बी.एस्सी. केलं होतं आणि कॉम्प्युटरची भाषा शिकल्या तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दसुद्धा फारसा कुणाच्या तोंडात नव्हता. लग्न केलं नव्हतं. वडील कधीच गेलेले. घरात त्या आणि आई.

मी पहिल्यांदा व्हायरस पाहिला तो त्यांच्याच खोलीत. संघटनेच्या सभासदांचे पत्ते छापून घ्यायला मी गेलो होतो. बाई काहीतरी टाइप करत होत्या. अचानक पडद्यावरचं एक अक्षर जागचं सुटलं आणि सावकाश खाली येऊन तळाशी पडलं. मग दुसरं. मग एका ओळीतली पाच-सहा. बघता बघता अख्खा पडदा गळायला लागला. पानगळीत झाड हलावं तशी अक्षरं निसटत होती, खाली येत होती, तळाशी त्यांचा ढीग साचत होता. वर नुसता काळा अंधार उरत चालला होता.

खोलीतल्या मुली ओरडल्या. बाई मात्र हात मांडीवर ठेवून बघत राहिल्या. किती वेळ कोण जाणे. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "किती सुंदर पडतायत, नाही?"

आणि दुसऱ्याच क्षणी उठून त्यांनी मशीन बंद केलं.

तो व्हायरस तसा गरीब होता. अक्षरं पाडायचा, पण मूळ मजकुराला फारसा धक्का लावायचा नाही. बाईंनी तो काढून टाकला. पण त्या दिवसानंतरच त्या दाराशी येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीला तिचा प्रवास विचारू लागल्या. लोक हसायचे. इस्टेटमध्ये कुणी उशिरा कामावर आला की बायकोने विचारावं तसं मित्र त्याला विचारायचे, "काय, कुठं कुठं जाऊन आला?"

नेरूरकर मात्र हसत नसत. त्यांच्याविषयी सांगायला हवं. ते राहायला डोंबिवलीला. इस्टेटमधल्या वीसेक कारखान्यांमधली मशीन साफ करायचं, दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे होतं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मऊ केसांचा ब्रश. धूळ दिसली की माणूस बोलत असतानाही हा बाबा ब्रश काढून झटकायला लागायचा. बाईंच्या दारात ते स्वतःहून आपल्या फ्लॉप्या पुढे करत आणि पाढे म्हटल्यासारखं सांगत, "ही फक्त माझ्या घरी होती, ही आज सकाळी नवी फोडलीय, ही तीन कंपन्यांत फिरलीय, ती आधी तपासा."

"नेरूरकरांसारखं सगळे वागले तर मला काम उरणार नाही," बाई म्हणायच्या.

नव्वद साल उलटल्यावर दुसरा व्हायरस आला. तो अक्षरं पाडत नव्हता. काही आठवडे तो आत गुपचूप बसून राहिला. बाईंनी नियमाने काढून ठेवलेल्या जादा प्रतींमध्येही शिरला, आणि एका सकाळी मशीन सुरू झाली तेव्हा व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज, कुणाला काय पाठवायचं त्याच्या नोंदी, सगळं पुसलेलं होतं. कारखान्यातली लेथ मशीन उभीच. कामगार दारात येऊन बाईंच्या खोलीच्या काचेतून आत बघत होते, आजाऱ्याला बघायला यावं तसे.

मालक शांत, शिकलेले गृहस्थ होते. लहान शेडमधून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे आत आलं कसं?" मग कुणाच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "तो नेरूरकर. मागच्याच महिन्यात येऊन गेला. दहा ठिकाणी हिंडणारा माणूस, त्यानेच आणला असणार."

संध्याकाळपर्यंत ही बातमी इस्टेटभर झाली. एकामागून एक फाटकं नेरूरकरांना बंद झाली. कुणी भांडलं नाही. सगळे गोड बोलून म्हणाले, सध्या काम नाही.

खरं काय ते बाईंनी चार दिवसांत शोधून काढलं होतं. मालक दिल्लीच्या प्रदर्शनाहून येताना एक फ्लॉपी घेऊन आले होते. तिथल्या एका स्टॉलवर कुणीतरी भेट दिलेली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने बाईंच्या टेबलावर ठेवून सांगितलं होतं, "जरा हे उघडून द्या." बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी हे जसं होतं तसं सांगितलं.

मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "परदेशातल्या गिऱ्हाइकांना मी काय सांगू? मालकानेच घाण आणली? बाई, आपल्याकडे काहीही झालेलं नाही. वीज गेली होती, म्हणून उशीर झाला. विषय संपला."

बाई आणि त्यांच्या तीन मुली कागदांवरून सगळं पुन्हा भरत राहिल्या. दिवाळीही त्यातच गेली. मी भेटायला गेलो की त्या नुसतं मान हलवून बसायला सांगायच्या. एकदाच बोलल्या, बदामाच्या झाडाखाली. "सेक्रेटरी, इस्टेटभर सगळ्यांना विचारते ना मी? त्या दिवशी विचारलं नाही. मालकाच्या हातातली वस्तू. त्यांना कसं विचारायचं, ही कुठं कुठं जाऊन आली म्हणून? झडपसुद्धा उघडून बघितली नाही."

नेरूरकरांनी मग आंबिवलीला स्टेशनजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक टपरीच. बाईंनी एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आपला धडधाकट टीव्ही चुलतभावाच्या टेंपोत घातला आणि ठाण्याहून थेट आंबिवलीला नेला. मला नेरूरकरांनीच पुढे हे सांगितलं.

"मी उघडून बघितला. म्हटलं, बाई, यात काही बिघडलेलं नाही. तर म्हणतात कशा, नीट बघा, रंग जरा उदास वाटतात."

"मग?"

"मग काय! ब्रशने साफ केला. चहा मागवला. त्या बसल्या दोन तास. त्या विषयावर एक शब्द नाही. जाताना म्हणाल्या, आता रंग बरे दिसतायत."

नंतर दर काही महिन्यांनी तो टीव्ही आजारी पडायचा.

चारेक वर्षं अशी गेली. मग आमच्या संघटनेकडे एक मोठंच काम आलं. कॉम्प्युटरची सुरक्षा आणि त्यावर चालणाऱ्या उद्योगांची सज्जता या विषयावर राष्ट्रीय परिषद भरवायची होती आणि ती ठाण्यात. दिल्ली, बंगलोर, लुधियाना, कोइमतूर, कुठून कुठून कारखानदार येणार. माझी झोप उडाली. तलावाजवळचं सभागृह ठरवायला गेलो, तर तिथल्या व्यवस्थापकाने पत्रातला 'व्हायरस' हा शब्द वाचून विचारलं, "डॉक्टर लोकांची कॉन्फरन्स आहे का?" जेवणाचं कंत्राट घेतलेल्या आचाऱ्याने तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, काळजी नको, पाणी उकळून ठेवतो." इस्टेटला सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवार धरला.

बाहेरचे विद्वान बोलणार होतेच, पण 'लहान उद्योगाचा अनुभव' या विषयावर आपल्याकडचं कुणीतरी बोलावं असं समितीने ठरवलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. बाईंचं. अडचण एवढीच, की परिषदेचे स्वागताध्यक्ष त्यांचे मालक होते.

मालकांनी परवानगी दिली. वर हसत हसत सांगितलं, "काळजी कशी घ्यायची ते सांगा. आपल्याकडे असं कधी काही झालं नाही, हेही सांगा."

आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पडद्यावर दाखवायची पारदर्शक पानं मला त्यांच्याकडून न्यायची होती. कोळीवाड्यातलं ते छोटं, निळ्या रंगाचं घर. ओट्यावर आई बसून ओले बोंबील साफ करत होती. आत बाई कोऱ्या पानांसमोर बसलेल्या. एकही ओळ लिहिलेली नव्हती.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. "काही झालं नाही असं सांगायचं, तर मला अनुभव कसला? आणि झालं ते सांगायचं, तर..."

मी म्हटलं, "जपून बोला, बाई." त्यातून त्यांना काही उपयोग झाला असेल असं वाटत नाही.

ओट्यावरून आईने विचारलं, "काय गो झायलं? दोघांची तोंडा उतारलीत ती?"

बाईंनी आईला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हे मला तेव्हा कळलं. आईचे हात थांबले नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्याचा नाव घे ना भर सभेन! त्या टीव्हीवाल्याची काय चूक?"

"आये, नोकरी जाईल माजी."

"जाऊं दे. बाजारान माजे बाजूला जागा हाय. बस तिथं."

बाई एकदम खळखळून हसल्या. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. आईसुद्धा हसली, हाताला खवल्यांची चमक तशीच. बाहेर ओहोटीला लागलेल्या खाडीवर पिवळसर ऊन उतरलं होतं आणि वाळत घातलेल्या जाळ्यांच्या सावल्या घराच्या भिंतीवर हलत होत्या. मला पानं न घेताच परत यावं लागलं. निघताना बाई म्हणाल्या, "नेरूरकरांना एक निमंत्रण द्याल?"

मी दिलं. ते आले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी बाईंची आई, ठेवणीतलं लुगडं, केसात फुलं, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली.

सकाळची भाषणं इंग्रजीत झाली. पंखे फिरत होते, पडद्यावर आकृत्या येत-जात होत्या, अर्धं सभागृह पेंगत होतं. मग बाई उभ्या राहिल्या. हातात एकही कागद नव्हता. दोन वाक्यं इंग्रजीत बोलल्या, थांबल्या, आणि सरळ हिंदीत शिरल्या. आपल्या मुंबई-ठाण्याच्या हिंदीत. त्या काय म्हणाल्या ते मी मराठीतच सांगतो.

म्हणाल्या, "आमच्याकडे व्हायरस आला. सगळं पुसलं गेलं. तो माझ्या टेबलावरून आत गेला. मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, ही फ्लॉपी कुठून आली. पण एका माणसाला विचारलं नाही, कारण तो माणूस मोठा होता आणि मला त्याला विचारायची भीती वाटली. ज्याला विचारायची भीती वाटत नव्हती, त्याच्यावर आळ आला. त्याचा धंदा गेला. तो निर्दोष होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणून आज सांगतेय. आता काळजी कशी घ्यायची ते सांगते."

आणि त्यांनी खरोखर पुढची पंधरा-वीस मिनिटं काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. जादा प्रती कुठे ठेवायच्या, कुणी कुठल्या मशीनला हात लावायचा, आणि नियम मालकापासून सुरू करायचा.

कुणी पेंगत नव्हतं आता. मी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होतो, पण नजर गेलीच. मालक मांडीवरच्या पुष्पगुच्छातल्या गुलाबाची पाकळी बोटांत धरून बसले होते. ना रागावलेले, ना काही. फार लांबून आल्यासारखे दिसत होते.

बाईंचं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मधल्या रांगेत लुधियानाचे एक सरदारजी उठले. "बहनजी," ते म्हणाले, "हमारे यहाँ भी हुआ था. हमने भी एक आदमी को निकाल दिया था." एवढं बोलून ते खाली बसले. मग कोइमतूरचे एक गृहस्थ उठले. मग आणखी कुणी. वर्षानुवर्षं जे कुणी शेजाऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते लोक परक्या गावात, परक्या माणसांसमोर सांगत होते. मला ते सभागृह सभागृह वाटेना. धुकं उठावं आणि समोर अख्खं गाव दिसायला लागावं, तसं काहीतरी चाललं होतं.

समारोपाला मालकांना बोलावलं. ते माइकपाशी गेले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "जेवण तयार आहे."

मागे बाईंच्या आईने माझी बाही ओढली. "काय बोलली रं ती? हिंदी मना कलत नाय."

मी सांगितलं.

"नाव घेतला का त्याचा?"

"नाही."

"अरे द्येवा!" तिने कपाळावर हात मारला. "यवरी शिकवली ती कशाला?"

नेरूरकर जेवायला थांबले नाहीत. पायऱ्यांवर बसले होते, तोंड तलावाकडे करून. बाई जाऊन त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. दोघं काही बोलली का, ते मला माहीत नाही. मी पंगतीच्या गडबडीत होतो आणि तिकडे जावंसंही वाटलं नाही.

शनिवारी इस्टेट उघडली. बाई घरून राजीनामा लिहूनच आल्या होत्या. मालकांनी बोलावलं तेव्हा तो पुढे केला. मालकांनी तो वाचला नाही.

"तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत," ते म्हणाले.

"कुणी विचारलं असतं तर घेतलं असतं, साहेब."

"हो. मला तेच वाटलं." आणि राजीनामा टेबलावरून मागे सरकवत, "तो कागद परत घेऊन जा."

त्याच दुपारी माझ्या कचेरीतला फोन वाजला. मालक स्वतः बोलत होते. "त्या नेरूरकरला पाठवून द्या. आमचा प्रिंटर फार आवाज करतो." माफी नाही, खुलासा नाही. नेरूरकर दुसऱ्या दिवशी आले. प्रिंटरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी तासभर ब्रशने तो साफ केला आणि मालक दारात उभे राहून बघत होते. जाताना मालकांनी स्वतः चहाचा कप त्यांच्या हातात दिला. महिन्याभरात इस्टेटमधली बहुतेक फाटकं पुन्हा उघडली.

बाईंना मात्र पुढे मोठ्या बैठकांना बोलावणं येईनासं झालं. वर एक नवा तरुण मॅनेजर आणून बसवला. बाईंनी त्याला सगळं काम शिकवलं, अगदी झडप सरकवण्यासकट. त्यालाही पुढे ती सवय जडली. तो ते कशासाठी करतोय हे त्याला सांगता यायचं नाही.

मग इस्टेटच उतरणीला लागली. एकेक कारखाना दुसऱ्या राज्यात निघून गेला. बाईंची कंपनीही गेली. बिस्किटांचा वास यायचा थांबला, ट्रक कमी झाले, आणि भर दुपारी रस्त्यावर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याच सुमाराला बाईंची आई वारली. चार दिवस तापाचं निमित्त झालं.

दोन हजार साल जवळ येत होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे शतक बदललं की जगातली मशीन गोंधळणार, असा गवगवा सुरू झाला. ते प्रोग्रॅम ज्या जुन्या भाषेत लिहिलेले, ती भाषा येणारी माणसं जिथून मिळतील तिथून गोळा केली जात होती. बाईंना ऑस्ट्रेलियातून बोलावणं आलं. पन्नाशी उलटलेली. पुण्याच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. मला वाटलं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "आता घरात कुणाला विचारायचं नाही, सेक्रेटरी. जाऊन बघते."

त्या गेल्या त्या तिकडेच राहिल्या, एवढं त्यांच्या चुलतभावाकडून कळलं. पुढे तोही कोळीवाडा सोडून गेला. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला आणि नेरूरकरांना सकाळी बोलावलं होतं. हिवाळ्याचे दिवस, नुकतीच भरती लागलेली. चुलतभावाची होडी काठाला लागलेली. नेरूरकरांना पोहता येत नव्हतं, ते होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. होडी खाडीत शिरली तशी मागची घरं, कारखान्यांची धुराडी, पूल, सगळं धुक्यात विरघळून गेलं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. जवळच चिखलावर गुलाबी पक्ष्यांचा एक मोठा थवा उभा होता. अलीकडेच दर हिवाळ्यात ते यायला लागले होते. त्यांचं नावही आम्हा कुणाला नीट माहीत नव्हतं.

"वडील जाळं टाकायचे ना," बाई म्हणाल्या, "तेव्हा मी इथं झोपायची. या कोपऱ्यात."

एवढं म्हणून त्यांनी तो कोपरा हाताने चाचपून बघितला. गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यावर डोकं टेकलं, पदर तोंडावर ओढून घेतला. आम्हाला वाटलं, गंमत करतायत. थोड्या वेळाने त्यांचा श्वास लांब आणि संथ झाला.

चुलतभावाने वल्हं वर घेतलं आणि आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. होडी आपली आपण वाहत राहिली. ऊन वर आलं, धुकं निवळलं, पक्षी उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले. बाई झोपलेल्याच होत्या. होडी काठाला लागली तरी आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. त्यांना उठवायचं कुणाच्याही मनात आलं नाही.